डेक्स्ट्रानसुक्रेज

सुक्रोज (साधी साखर) तोडून त्यातील ग्लुकोजपासून डेक्स्ट्रान, म्हणजे ग्लुकोजची लांब, बुळबुळीत साखळी, तयार करणारे जिवाणूजन्य विकर (एन्झाइम). ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जिवाणू ते पेशीबाहेर सोडतो. व्हान टीगेम यांनी १८७८ मध्ये नाव दिलेला हा जिवाणू साखर कारखान्यांतील बुळबुळीत थरांतच ओळखला गेला.

सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. विकर ती फोडते, ग्लुकोज क्षणभर आपल्यातील अॅस्पार्टिक आम्लाला बांधून ठेवते आणि अल्फा-१,६ या प्रकारच्या रासायनिक बंधाने वाढत्या साखळीत गुंफते. यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा पुरवणारे रसायन, लागत नाही. तुटलेल्या बंधातली ऊर्जाच नवा बंध जुळवायला पुरते, आणि या विकराचे खरे नवल तेच आहे. सुटलेले फ्रुक्टोज जिवाणू वापरतो. त्यातील काहींचे मॅनिटॉल होते, म्हणून रसातले मॅनिटॉल ही शिळ्या उसाची खूण मानतात.

या जिवाणूच्या बी-५१२एफ या वाणातील, हे विकर घडवणाऱ्या जनुकाला डीएसआर-एस म्हणतात. त्यापासून सुमारे १,५०० अमिनो आम्लांचे प्रथिन बनते. ल्युकोनोस्टॉकच्या बहुतेक वाणांत हे जनुक भोवती सुक्रोज असेल तरच जोमाने चालते.

सांगली जिल्ह्यात हा विषय प्रयोगशाळेपुरता उरत नाही. उभ्या, धडधाकट उसात जिवाणूला सहसा शिरकाव नसतो. कोयता लागला की कापलेल्या टोकांतून वाट मिळते, जळितात तडकलेल्या सालीतूनही मिळते. विकराला ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान आणि ५ ते ५.५ सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) मानवतो. उसाच्या रसाचा सामू जवळपास तेवढाच असतो, आणि हंगामाच्या शेवटी मार्चमधले ऊन पुढचे काम करते. तोडलेला ऊस फडात किंवा कारखान्याच्या आवारात रखडला की साखर डेक्स्ट्रानमध्ये जाते. रस घट्ट होतो, गाळणी मंदावते, स्फटिक सुयांसारखे लांबट होतात. शिवाय डेक्स्ट्रान ध्रुवित प्रकाश सुक्रोजच्या सुमारे तिप्पट उजवीकडे वळवत असल्याने पोलचे (ध्रुवित प्रकाश किती वळतो यावरून काढलेल्या साखरेच्या प्रमाणाचे) मापन फसवे जास्त येते, आणि नसलेली साखर कागदावर दिसते.

डेक्स्ट्रानेज हे दुसरे विकर रसात घालून साखळ्या तोडता येतात, पण गेलेली साखर परत येत नाही. म्हणून तोडणीनंतर चोवीस तासांच्या आत गाळप आणि मिलची वाफेने धुलाई हेच खरे उपाय. ऊसदर कारखान्याच्या सरासरी उताऱ्याशी (उसातून मिळणाऱ्या साखरेच्या टक्केवारीशी) जोडलेला असल्याने एका फडातल्या दिरंगाईचा भुर्दंड सगळ्या सभासदांवर पडतो. तोडणीचा क्रम आणि वाहतूक कारखान्याच्या हाती असते, त्यामुळे याची जबाबदारी शेतकऱ्यापेक्षा कारखान्याचीच अधिक.