टी-रेग पेशी आणि ॲलर्जीचा दमा: मागचं सगळं

पुण्यात पाऊस संपत आला की मोकळ्या प्लॉटवर गाजर गवत पांढरं फुलतं (भारतात ते पहिल्यांदा लक्षात आलं तेही १९५०च्या दशकात, पुण्यातच, हा मान आपलाच), वर बांधकामांची धूळ, आणि मुलांच्या डॉक्टरांकडे नेब्युलायझर सुरू होतात. पण एकाच सोसायटीत, त्याच धुळीत खेळणाऱ्या दोन पोरांपैकी एकालाच दमा का, या प्रश्नाच्या उत्तरात हल्ली टी-रेग पेशी येतात, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशी.

२०२५चं मेडिसिनचं नोबेल याच कामाला मिळालं म्हणून त्या नव्या वाटतात, तसं काही नाही. १९७०च्या आसपासच दिसलं होतं की काही टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) शरीराची प्रतिक्रिया वाढवत नाहीत, उलट दाबतात. सप्रेसर पेशी म्हणायचे त्यांना. मग त्यांची खूण म्हणून आय-जे नावाचं काहीतरी धरलं गेलं, उंदराच्या डीएनएमध्ये त्याच्या जीनची जागाही सांगून झाली, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो भाग प्रत्यक्ष तपासला तर तिथे असा जीनच नाही! झालं. पूर्ण विषयच बदनाम झाला, सप्रेसर म्हटलं की लोक हसायचे. खूण चुकली होती हो, पण पेशी दाबतात हे निरीक्षण कुठे खोटं ठरलं होतं? माझ्या मते या एका निर्णयाने दहाएक वर्षं खाल्ली आणि ॲलर्जीवाल्यांना त्याची झळ जास्त बसली.

कारण त्याच काळात, १९८६ला, मदतनीस टी पेशींची टीएच-१ (जंतूंशी लढणाऱ्या) आणि टीएच-२ (जंत आणि ॲलर्जीवाल्या) अशी विभागणी आली आणि सगळं एका सी-सॉवर बसवलं गेलं, एक वर तर दुसरं खाली. १९८९ला मोठी भावंडं जास्त असलेल्यांना हे-फीव्हर (परागांच्या ॲलर्जीची सर्दी) कमी होतो असं दिसलं, तेही याच हिशोबात घातलं: भावंडांकडून जंतू जास्त, म्हणून टीएच-१ वर, टीएच-२ खाली. पण मग जंतांचं काय? जंत तर टीएच-२च वाढवतात, तरी बऱ्याच ठिकाणी जंत असलेल्या मुलांना ॲलर्जी कमी. दाबणारं तिसरं कोणीतरी हवंच होतं.

ते १९९५ला जपानमधून परत आलं, पेशीच्या पृष्ठभागावरची सीडी-२५ ही खूण घेऊन. २००१ला फॉक्सपी-३ हा (या पेशी घडायला लागणारा) जीन सापडला, आणि तो बिघडलेल्या मुलग्यांमध्ये डायबेटिस, जुलाब यांच्यासोबत एक्झिमा आणि भरमसाट आयजीई (ॲलर्जीतली अँटीबॉडी), म्हणजे ॲलर्जीशी नातं तिथेच उघडं पडलं. २००४ला दिसलं की परागांची ॲलर्जी असलेल्यांच्या या पेशी परागांविरुद्धची प्रतिक्रिया नीट दाबू शकत नाहीत, मोसमात तर आणखीच कमी.

उंदरांना अशा पेशी बाहेरून दिल्या तर श्वासनलिकेची सूज कमी होते, हे अनेकदा झालंय. माणसात सगळ्यात जवळचं म्हणजे ॲलर्जीची इंजेक्शनं आणि जिभेखालचे थेंब, १९११पासूनची आयडिया, तीनेक वर्षं घ्यायची, त्यात टी-रेग आणि आयएल-१० (प्रतिक्रिया शांत करणारं प्रथिन) वाढतात हे नंतर कळलं. दम्याच्या पेशंटना मुद्दाम हूकवर्म (आतड्यातला एक जंत) देऊनही पाहिलं, ठोस फायदा दिसला नाही.

आणि सरसकट वाढवून चालत नाही, कारण याच पेशी कॅन्सरविरुद्धची प्रतिक्रियाही दाबतात. म्हणून त्या ठरावीक ॲलर्जनपुरत्याच (ज्याची ॲलर्जी आहे त्या एका गोष्टीपुरत्याच) तयार करायचा प्रयत्न आहे, आणि आपल्याकडच्या पोराच्या स्किन टेस्टमध्ये डस्ट माइट, झुरळ, पराग असं दोन-तीन एकदम पॉझिटिव्ह आलं की गाडी तिथेच अडते.