इंदू मिलची जागा स्मारकाकडे कशी आली

६ डिसेंबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, दादरच्या चैत्यभूमीवर लाखोंची रीघ लागते आणि जागा दरवर्षी अपुरी पडते. तिथून हाकेच्या अंतरावर, समुद्राला लागून, इंदू मिलची सुमारे १२ एकर जमीन होती. इंडिया युनायटेड मिल क्र. ६ हे तिचे कागदोपत्री नाव. हा गिरणीसमूह मूळचा ससून घराण्याचा; पुढे तो केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेला.

बाबासाहेबांच्या स्मारकाला ही जागा निव्वळ शेजारामुळे मिळाली, असे समजण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोटा म्हणजे मागावर आडवे सूत नेणारे साधन; त्यातली सुताची कांडी बदलताना त्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागणार म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध. मिळकत जास्त होती ती नेमकी याच खात्यात! १९२८च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना याचा जाब विचारला आणि ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. त्याच बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष ७ नोव्हेंबर १९३८ला संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरला.

१९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव मोडत गेले. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागेला आणि एक परवडणाऱ्या घरांना देऊ केला होता. २००१च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त आधीच रिकाम्या असलेल्या, बांधकाम नसलेल्या जमिनीपुरते उरले. बाकी जमिनीवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. इंदू मिल त्यातून वाचली ती आंबेडकरी जनतेच्या रेट्यामुळे. ६ डिसेंबर २०११ला आनंदराज आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन सेनेचे कार्यकर्ते थेट आवारात घुसून ठाण मांडून बसले. वर्षभरात, ५ डिसेंबर २०१२ला, जमीन देण्याची घोषणा केंद्राने संसदेत केली. भूमिपूजनाला मात्र ११ ऑक्टोबर २०१५ उजाडला.

गिरणीची इमारत पाडली गेली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्र. २-३मध्ये जुन्या वास्तू राखून वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याचे महापालिकेने ठरवले. इथे मात्र तो विचार मागे पडला. चर्चा रंगली ती पुतळ्याच्या उंचीवर: आधी २५० फूट, २०२०मध्ये ३५०, शिवाय १०० फुटांचा चौथरा. एवढ्या आवारात एक साचा, म्हणजे माग, आणि एक धोटा ठेवायला किती जागा लागली असती?