घरमालक दुरुस्ती करत नसेल तर: नागपुरातल्या किरायेदाराने खर्च आणि भरपाई कशी वसूल करावी

मालक छत दुरुस्त करत नाही ना, मग किराया थांबवा, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि किरायेदाराचे सगळ्यात मोठे नुकसान त्यानेच होते. किराया थकला की घर खाली करून घ्यायला मालकाला आयते कारण मिळते. गळके छत बाजूला राहते आणि कोर्टात थकबाकीवर वाद सुरू होतो. दुरुस्तीचा खर्च किरायातून कापण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पण आधी लेखी नोटीस, मग मुदत, मग काम, मग हिशेब आणि सर्वात शेवटी वजावट, हा क्रम चुकला तर तो हक्क कोर्टात टिकवणे अवघड जाते.

हक्क कोणाला आहे

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याआधी विदर्भात १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश चालायचा, म्हणून महाल-इतवारीतली जुनी मंडळी अजूनही ‘रेंट कंट्रोलरकडे जा’ म्हणतात. आता हे वाद लघुवाद न्यायालयात, म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात चालतात.

या कायद्याचे कलम १४ सांगते की घर राहण्याजोग्या चांगल्या स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. अपवाद एकच: करारात तुम्ही स्वतः ती जबाबदारी अंगावर घेतलेली नसावी. म्हणून कपाटातला करारनामा आधी काढा. ‘किरकोळ दुरुस्ती किरायेदाराने करावी’ एवढेच लिहिले असेल तर नळाचा वॉशर, बल्ब, कडी-कोयंडा तुमचा. स्लॅब, भिंती, ड्रेनेज लाइन, आतले वायरिंग मालकाचे. ‘सर्व दुरुस्ती किरायेदाराकडे’ असे लिहून सही केली असेल तर कलम १४ चा आधार जवळजवळ संपतो.

करार लेखी नाही किंवा नोंदवलेला नाही, म्हणून घाबरू नका. कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने तो नोंदवला नसेल तर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करणे मालकावर येते.

अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कायद्याच्या भाषेत ते भाडेकरू नसून परवानाधारक असतात, त्यामुळे कलम १४ ची वजावट त्यांना थेट मिळत नाही. त्यांचा आधार म्हणजे करारातली दुरुस्तीची अट आणि ती मोडल्याबद्दल करार कायद्याच्या कलम ७३ खालची भरपाई. मालकाची लेखी संमती नसताना त्यांनी मासिक रकमेतून एक रुपयाही कापू नये. सरकारच्या किंवा महापालिकेच्या मालकीच्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागूच नाही.

दोष कोणाचा, हे आधी ठरवा

मालकाचा पहिला बचाव ठरलेला असतो: ओल तुमच्या कूलरमुळे आली. नागपुरात या बचावात बऱ्याचदा तथ्यही असते. खिडकीच्या स्टँडवरच्या कूलरची टाकी वाहते किंवा पंपाची नळी निसटते आणि पाणी चौकटीखालून भिंतीत मुरते. अशी ओल खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात सुरू होते आणि कूलर बंद झाल्यावर काही आठवड्यांत वाळते. स्लॅबची ओल वरून खाली येते. छताला पिवळट कडा असलेले डाग पडतात, प्लास्टरचे पोपडे सुटतात आणि गंजलेल्या सळईच्या रेषेत तडा दिसू लागतो. जमिनीलगत हात-दीड हात उंचीपर्यंत सलग पट्टा दिसत असेल तर ओल पायातून चढते आहे. कवेलूच्या घरात फुटलेली कवेले आणि कुजलेला वासा वेगवेगळे दाखवा. कवेल बदलणे किरकोळ म्हणता येईल, वासा नाही.

फोटो दोन प्रकारचे काढा. एक पूर्ण खोलीचा, ज्यात जागा ओळखू येते; दुसरा जवळून, तड्याशेजारी मोजपट्टी धरून. पाऊस सुरू असताना गळतीचा सलग व्हिडिओ घ्या, दारापासून सुरू करून छतापर्यंत. मूळ फाइल फोनमधून पुसू नका. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीबाबत ते देणे कठीण होते.

नोटीस: सगळे इथेच जुळते किंवा बिघडते

कायदा किमान १५ दिवसांची नोटीस मागतो, आणि त्यानंतरही मालकाने ‘वाजवी वेळेत’ काम केले नाही तरच तुमचा हक्क सुरू होतो. तुंबलेल्या संडासाला पंधरा दिवस पुष्कळ झाले. गच्चीचे वॉटरप्रूफिंग मात्र ऐन जुलैत कोणी करून देत नाही. नागपुरात पाऊस साधारण जूनच्या मध्यावर येतो, तेव्हा छताची नोटीस एप्रिलमध्येच पाठवा. कोरडा हंगाम हातात असूनही काम केले नाही, हे मग मालकाच्या अंगाशी येते.

नोटीस कोणाला द्यायची यात जुन्या वस्त्यांत हमखास घोळ होतो. किराया घ्यायला येतो एक भाऊ, पावती वडिलांच्या नावाची, वडील कधीच वारलेले. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा उतारा (प्रॉपर्टी कार्ड), काढा, तीवरच्या सर्व वारसांना आणि किराया घेणाऱ्यालाही नोटीस पाठवा. अपार्टमेंटमध्ये गळती वरच्या फ्लॅटची किंवा सामाईक गच्चीची असली तरी नोटीस तुमच्या मालकालाच द्या. असोसिएशनशी भांडणे त्याचे काम आहे, तुमचा करार त्याच्याशी आहे.

मजकूर असा सरळ असावा: ‘मी आपल्या अमुक पत्त्यावरील घरात अमुक तारखेपासून दरमहा रु. … किरायाने राहत आहे. मागील खोलीच्या स्लॅबमधून अमुक तारखेपासून गळती होत असून प्लास्टर पडत आहे. फोटो व मिस्त्रीचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करावी. न केल्यास कलम १४ अन्वये मी ती करून घेईन व खर्च किरायातून वजा करीन.’ शिव्या नकोत, जुन्या भांडणांची यादी नको. वकिलाची सही सक्तीची नाही.

नोंदणी टपाल आता स्पीड पोस्टमध्येच सामावले आहे, म्हणून स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा आणि टपाल खात्याच्या संकेतस्थळावरचा वितरणाचा तपशील त्याच आठवड्यात छापून ठेवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आले तर फोडू नका. बरोबर पत्त्यावर पाठवलेली आणि नाकारलेली नोटीस कोर्ट सहसा बजावलेलीच मानते. बंद पाकीटच तुमचा पुरावा. व्हॉट्सॲपवरही प्रत टाका, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

काम आणि बिले

मुदत संपली की दोन-तीन मिस्त्रींकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि मधले स्वीकारा. दुरुस्ती ही दुरुस्तीच राहू द्या. गळका संडास दुरुस्त करताना नवी टाइल, नवा ओटा, वाढीव पत्र्याची शेड असे काही केले तर तो खर्च मिळत नाहीच. वर परवानगीशिवाय पक्के बांधकाम केल्याबद्दल कलम १६ खाली घर खाली करण्याचा दावा ओढवतो.

कलम १४ मध्ये किरायेदाराच्या बाजूची एक भक्कम तरतूद आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते: व्हाउचरसह ठेवलेला तुमचा हिशेब खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो मालकावर बंधनकारक असतो. त्यामुळे साहित्याचे पक्के बिल घ्या. मिस्त्री आणि मजुरांची मजुरी रोख दिली तर तारीख, काम, दिवस, दर आणि सही असलेली पावती करा. रक्कम ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर एक रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. ‘घरकाम – १८,०००’ असल्या एका ओळीच्या चिठ्ठीवरून मालकाचा वकील तासभर बोलू शकतो.

किती कापता येते

एका वर्षात त्या वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. किराया १२,००० असेल तर वर्षाचे १,४४,००० आणि मर्यादा ३६,०००. दुरुस्तीला ५२,००० लागले तर यंदा ३६,००० आणि उरलेले १६,००० पुढच्या वर्षी.

खरी अडचण जुन्या किरायाची आहे. महिना ४०० रुपये भरणाऱ्याला वर्षाला जेमतेम १,२०० कापता येतात, त्यात सिमेंटच्या चार गोण्याही येणार नाहीत. अशा वाड्यात सर्व किरायेदारांनी मिळून नोटीस द्यावी. खर्च किरायाच्या प्रमाणात वाटला जातो आणि त्यावर १५ टक्के सरळ व्याजही धरता येते. चार बिऱ्हाडांचा किराया ५००, ७००, ८०० आणि १,००० असेल आणि सामाईक जिन्याला ९,००० लागले, तर वाटा अनुक्रमे १,५००, २,१००, २,४०० आणि ३,००० येतो, म्हणजे प्रत्येकाची वार्षिक मर्यादा तेवढ्यातच भरते. याहून मोठ्या कामासाठी वजावटीच्या मागे न लागता मालकाला दुरुस्तीचा आदेश मागणारा दावाच बरा.

कापण्याआधी हिशेबाची प्रत मालकाला पाठवा आणि उरलेला किराया ठरल्या तारखेला बँकेतून भरा. मालकाने तरीही थकबाकीचा दावा लावला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. लेखी मागणीनंतर ९० दिवस होईपर्यंत त्याला दावा लावता येत नाही. आणि समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत व्याज व खर्चासह रक्कम भरली तर कलम १५ तुम्हाला घरात राहू देते. त्या ९० दिवसांत ‘माझेच बरोबर’ म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. वाद असलेली रक्कम हरकत नोंदवून कोर्टात भरावी, भांडण मग सावकाश चालू द्यावे.

दुरुस्तीपलीकडची भरपाई

भिजलेली गादी, जळालेला फ्रिज, प्लास्टर पडून झालेली इजा, घर राहण्यालायक नसताना दुसरीकडे दिलेला किराया: हे सारे कलम १४ च्या वजावटीत बसत नाही. ते किरायातून परस्पर कापू नका, स्वतंत्रपणे मागा. मालकाला दोष लेखी कळल्यानंतर झालेले नुकसानच भक्कम ठरते. आणि नुकसान टाळण्यासाठी तुम्हीही वाजवी धडपड केलेली असावी लागते. गळत्या छताखाली दोन महिने कपाट तसेच ठेवले तर त्याची किंमत कोर्ट देईलच असे नाही. फ्रिजसाठी खरेदीचे बिल आणि दुरुस्ती करणाऱ्याचा कारणासह लेखी अभिप्राय, इजेसाठी दवाखान्याची कागदपत्रे लागतात. मनस्तापाचे मोठे आकडे टाकू नका, त्याने बाकीचा खरा हिशेबही संशयित वाटतो. ग्राहक आयोगाकडेही धाव नको; निव्वळ घरभाड्याचा वाद तिथे सहसा टिकत नाही.

महापालिकेकडे तक्रार

सांडपाणी वाहत असेल किंवा भाग कोसळण्याच्या बेतात असेल तर तुमच्या झोन कार्यालयात अर्ज द्या आणि पोहोच घ्या. पाहणी अहवालाची प्रत माहिती अधिकारात १० रुपये भरून मागता येते. त्रयस्थ सरकारी अहवालाचे वजन तुमच्या फोटोंपेक्षा जास्त. मात्र जपून. इमारत धोकादायक ठरून पाडण्याचा आदेश निघाला तर त्याच आधारावर मालक ताबा मागू शकतो. मोडकळीला आलेल्या वाड्याची तक्रार करण्याआधी वकिलाशी बोला आणि आपल्या खोल्यांचे मोजमाप पंचनाम्यात नोंदवण्याचा आग्रह धरा.

कोर्टात जाताना

आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, तडजोडीचा अर्ज करून पाहा. फी नाही, आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचे बळ असते, वर अपीलही नाही. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दाव्यासाठी लागतात: करारनामा, किराया पावत्या किंवा बँक पासबुक (पावती देणे कलम ३१ प्रमाणे मालकाला बंधनकारक आहे), आखीव पत्रिका, नोटीस आणि वितरणाचा पुरावा, मालकाचे उत्तर आले असल्यास ते, अंदाजपत्रके, व्हाउचरसह हिशेब, फोटो आणि प्रमाणपत्र, झोनचा अहवाल, आधार कार्ड. दाव्यासोबतच कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी करण्याचा अर्ज द्या, तोही पावसाळा संपायच्या आत. दिवाळीपर्यंत भिंती वाळतात, मालक वरून रंग मारतो आणि कमिशनरला दाखवायला काही उरत नाही.

नोटीस गेल्यावर पाणी तोडणे, मीटरची वायर काढणे, जिन्यातला दिवा बंद करणे असे प्रकार झाले तर कलम २९ खाली त्याच कोर्टात तातडीचा अर्ज करता येतो. वाजवी कारणाशिवाय आवश्यक सेवा तोडणे हा गुन्हाही आहे.

घर सोडून गेलात तरी पैशाचा दावा तीन वर्षांच्या मुदतीत लावता येतो. तेव्हा किल्ल्या देताना ‘कोणतेही देणे-घेणे बाकी नाही’ या छापील ओळीखाली सही करू नका. ती ओळ खोडून ‘दुरुस्ती खर्च व डिपॉझिट येणे बाकी’ असे लिहा, मालकाची सही घ्या आणि त्या कागदाचा तिथेच फोटो काढा.