कोयनेची खरी वीज धरणात नाही, घाटाच्या पोटात होते

कोयना म्हटलं की सगळ्यांना आठवतात ते धरणाचे उघडलेले दरवाजे, आणि बऱ्याच जणांना वाटतं की त्या पडणाऱ्या पाण्यावरच वीज तयार होते. तसं नाहीये. दरवाज्यांतून सोडलेलं पाणी नदीतून कराडकडे जातं. धरणाच्या पायथ्याशी 40 मेगावॅटचं एक छोटं वीजघर आहे, पण सगळे टप्पे मिळून 1960 मेगावॅट आहेत आणि बाकीचं सगळं काम डोंगराच्या पलीकडे, चिपळूण तालुक्यात चालतं.

कारण सगळा खेळ उंचीचा आहे. धरण 103 मीटर उंच, पण त्यामागचा शिवसागर जलाशय सह्याद्रीच्या वर आणि कोकण एकदम खाली, म्हणून डोंगरातून पश्चिमेकडे बोगदा काढला आणि पोफळीच्या भूमिगत वीजघरापर्यंत पाण्याला जवळपास 475 मीटरचा उतार मिळाला. हिशोब करून बघा, एवढ्या उंचीवरून आलेल्या हजार लिटर पाण्यातून साधारण एक युनिट वीज मिळते, म्हणजे घरावरची हजार लिटरची टाकी भरून पाणी आणि फक्त एक युनिट! धरणं एवढी मोठी का लागतात ते इथे कळतं.

खाली पोचेपर्यंत पाण्याचा दाब प्रचंड झालेला असतो. ते नोझलमधून ताशी सव्वातीनशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने सुटतं आणि पेल्टन टर्बाइनच्या चाकाला लावलेल्या वाट्यांसारख्या कपांवर आदळतं. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की चाक पाण्याच्या साधारण निम्म्या वेगाने फिरवतात, त्यामुळे कपातून उलटं वळून बाहेर पडताना पाण्यात जोरच उरत नाही, तो जवळजवळ सगळा चाकाला मिळालेला असतो. त्याच शाफ्टवर जनरेटर, आत फिरणारे चुंबक, भोवती तांब्याची वेटोळी, चुंबक फिरले की तारांमध्ये करंट येतो. मग ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज वाढवून लाइनवर सोडायचं.

आणि पाणी तिथेच संपत नाही, पुढे कोळकेवाडीला अडवून त्यावर परत 320 मेगावॅटचे संच चालतात, मग ते वाशिष्ठी नदीत जातं.

एवढं असून हे संच दिवसरात्र फुल चालवत नाहीत, कारण कृष्णा लवादाने, म्हणजे राज्यांमध्ये कृष्णेच्या पाण्याचं वाटप ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाने, पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे. कोळशाचा बॉयलर तापायला तास लागतात, इथे व्हॉल्व्ह उघडला की काही मिनिटांत संच लोड घेतो, म्हणून हे मोजकं पाणी मुख्यतः सकाळ-संध्याकाळी विजेची मागणी सगळ्यात जास्त असते त्या वेळेसाठी राखून ठेवतात.