दृष्टिपटल सुटणे (तीव्र निकटदृष्टितेच्या मुलांमध्ये)

डोळ्याच्या आतल्या भिंतीवरचे दृष्टिपटल, म्हणजे रेटिना, मागच्या थरापासून अलग होण्याचा विकार. बोलण्यात त्याला ‘डोळ्याचा पडदा सरकला’ म्हणतात. तो मुख्यतः मोठ्यांचा, मुलांमध्ये विरळा. मुलांमध्ये होतो तेव्हा डोळ्याला मार लागणे, जन्मजात दोष किंवा मोठा मायनस नंबर, म्हणजे लांबचे धूसर दिसण्याची तीव्र निकटदृष्टिता, ही कारणे बहुधा सापडतात.

नवजात बाळाचा डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा २४ च्या आसपास. उणे ६ किंवा त्याहून जास्त नंबर असेल तर निकटदृष्टिता तीव्र मानतात. असा डोळा बहुधा २६ मिलिमीटरच्याही पुढे वाढलेला असतो. लांबलेल्या डोळ्यात पटल ताणले जाते आणि कडेला विरलेल्या लुगड्यासारखे पातळ होते. त्यात भोक पडले की आतले पाणी मागे झिरपते आणि ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसे पटल सुटत जाते. सुटलेल्या भागाला मागच्या रक्तवाहिन्यांचा प्राणवायू मिळत नाही. मधला, बारीक अक्षर वाचणारा भाग सुटला की नजर पूर्ववत होण्याची आशा कमी होते.

मोठा माणूस विजा चमकल्यासारखे दिसले, काळे ठिपके तरंगले की घाबरून डॉक्टरांकडे जातो. मूल सांगत नाही. त्यातून तरुण निकटदृष्टी डोळ्यात बारीक गोल भोकांमुळे पटल खालच्या बाजूने, अगदी सावकाश सुटू शकते. दुखत तर काहीच नाही. दुसरा डोळा काम निभावून नेतो. मग एखाद्या दिवशी खेळता खेळता चांगला डोळा हाताने झाकला जातो आणि समोरची आई धूसर होते, तेव्हा कळते. कधी डोळा तिरळा झाल्यावरच घरच्यांचे लक्ष जाते. तोवर पटलावर व्रणाच्या पापुद्र्याच्या घड्या पडलेल्या असू शकतात आणि शस्त्रक्रिया अवघड होते. मुलांच्या या आजारातले सगळ्यात मोठे नुकसान या उशिराचे आहे.

पुण्यात नंबर वाढला की चष्म्याच्या दुकानात जाऊन नवी काच बसवून घेतात. तिथे नंबर कळतो, पटलाची कड दिसत नाही. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात. ते झोंबतात, मूल रडते, काही तास वहीतले अक्षर फिसकटते. तरी मोठ्या नंबरच्या मुलाला ही तपासणी दरवर्षी हवीच. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची नजर तपासतात, पण अक्षरांचा तक्ता वाचता आला म्हणून पटल शाबूत आहे असे ठरत नाही. घरी एकेक डोळा झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचायला लावणे दोन मिनिटांचे काम आहे. शहरात ससून रुग्णालय आणि महंमदवाडीचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय येथे डोळ्यांवर उपचार होतात.

पटल फाटले आहे पण सुटलेले नाही, अशा वेळी भोकाभोवती लेझरने डाग देऊन ते चिकटवता येते. १९२० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनिन यांनी भोक बंद केल्याशिवाय पटल बसत नाही हे दाखवून दिले. आजचे उपचार त्याच तत्त्वावर चालतात. मुलांमध्ये डोळ्याबाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवण्याला बहुधा पसंती असते, कारण त्यांच्या डोळ्यातला पारदर्शक गर पटलाला घट्ट चिकटलेला असतो आणि तो काढणे जिकिरीचे. भूल पूर्ण द्यावी लागते. काहींच्या डोळ्यात पटल आतून दाबून धरायला वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. वायू विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य, आणि घाटही. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वर १,३७० च्या आसपास. तितक्या चढाने वायू फुगून डोळ्यातला दाब धोकादायक वाढू शकतो. सुट्टीतला बेत रद्द करावा.

मोठेपणी लेझरने चष्मा उतरला तरी डोळ्याची लांबी तीच राहते, म्हणून पटलाची तपासणी सुटत नाही. एका डोळ्यात पटल सुटलेल्या मुलाचा दुसरा डोळा त्याच भेटीत कडेपर्यंत पाहतात. स्टिकलर सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष निघाला तर भावंडांनाही बोलावतात, मग त्यांना चष्मा असो वा नसो.