मनगटावरचा कॅलरीचा आकडा : एका अंदाजाची वंशावळ

फिटनेस ट्रॅकरच्या पडद्यावर पावलांची संख्या, हृदयाचे ठोके आणि खर्च झालेल्या कॅलरी हे तीन आकडे शेजारीशेजारी, एकाच आकाराच्या अक्षरांत दिसतात, आणि त्यामुळे तिन्हींची विश्वासार्हता सारखीच असावी असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पावले हाताच्या हालचालीच्या लयीवरून मोजली जातात, ठोके त्वचेखालच्या रक्तप्रवाहातील चढउतारांवरून मोजले जातात, पण कॅलरी मनगटावर मोजल्याच जात नाहीत. तो आकडा म्हणजे वय, लिंग, उंची, वजन, हालचाल आणि ठोके यांच्यावरून समीकरणांच्या साहाय्याने काढलेला अंदाज असतो. ही समीकरणे आणि त्यांच्यामागच्या कल्पना घड्याळांपेक्षा पुष्कळ जुन्या आहेत, आणि आजच्या उपकरणांच्या अंदाजातील बरीचशी चूक त्यांच्याकडूनच वारशाने आलेली आहे.

प्राण्याचे शरीर किती ऊर्जा खर्च करते हे मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये केला. बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला हे त्यांनी मोजले, आणि त्या उष्णतेची तुलना त्याने उच्छ्वासावाटे सोडलेल्या वायूशी केली. श्वसन हे एक प्रकारचे संथ ज्वलन आहे, हा त्यांचा निष्कर्ष. या एका प्रयोगात ऊर्जामापनाच्या पुढच्या दोन्ही वाटा दिसतात : शरीरातून बाहेर पडणारी उष्णता थेट मोजणे, किंवा शरीराने घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजून त्यावरून उष्णतेचा हिशेब मांडणे. दोन्ही वाटांनी एकाच उत्तरापर्यंत पोहोचता येते हे जर्मनीत माक्स रुबनर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून १८९४ मध्ये दाखवून दिले. माणसाच्या बाबतीत तेच काम अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर आणि एडवर्ड रोझा यांनी केले. त्यांनी बांधलेल्या बंदिस्त कक्षात माणूस अनेक दिवस राहत असे, तेथेच जेवत, झोपत आणि सायकल चालवत असे. आत जाणारी व बाहेर येणारी हवा, उष्णता आणि अन्न या सर्वांचा काटेकोर जमाखर्च ठेवला जाई. विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास, म्हणजे ट्रॅकरच्या शंभर वर्षे आधी, माणसाचा ऊर्जाव्यय अत्यंत अचूकपणे मोजता येत होता. अडचण एवढीच होती की त्यासाठी माणसाला पेटीत कोंडावे लागे.

त्यानंतरचा सारा इतिहास हा त्या पेटीतून बाहेर पडण्याचा इतिहास आहे, आणि प्रत्येक सुटकेची किंमत अचूकतेत मोजावी लागली आहे. ऑक्सफर्डमध्ये क्लॉड डग्लस यांनी १९११ मध्ये उच्छ्वासाची हवा साठवणारी, पाठीवर वाहून नेता येईल अशी पिशवी वापरात आणली, आणि चालणाऱ्या, चढणाऱ्या माणसाचा ऑक्सिजनचा वापर मोजता येऊ लागला. एक लिटर ऑक्सिजन वापरला म्हणजे सुमारे पाच किलोकॅलरी (रोजच्या बोलण्यातली ‘कॅलरी’ ती हीच) खर्च झाल्या, हा ढोबळ हिशेब येथे कामी येतो. शरीर त्या वेळी पिष्टमय पदार्थ जाळत आहे की चरबी, यानुसार त्यात थोडा फरक पडतो, आणि तो लक्षात घेणारे सुटसुटीत समीकरण वीर यांनी १९४९ मध्ये दिले. या पायरीवर गमावले ते थोडेच. नळी, मुखवटा आणि वायुविश्लेषण यांवर आधारलेली ही पद्धत आजही प्रयोगशाळेत ट्रॅकर तपासण्याचे प्रमाण मानली जाते.

खरी मोठी तडजोड झाली ती मोजण्याऐवजी भाकीत करण्याचा मार्ग स्वीकारल्यावर. बॉस्टन येथील कार्नेगी संस्थेच्या पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांनी विश्रांतीच्या अवस्थेतील अनेक माणसांचा ऊर्जाव्यय मोजला होता. संख्याशास्त्रात रस असलेले आर्थर हॅरिस यांच्यासह त्यांनी १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या नोंदींवरून वजन, उंची, वय आणि लिंग यांच्या आधारे मूलभूत चयापचय दर, म्हणजे पूर्ण विश्रांतीतही शरीर जगण्यापुरती जी ऊर्जा खर्च करते तिचा वेग, सांगणारी समीकरणे १९१९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९९० मध्ये मिफ्लिन आणि सेंट जिओर यांच्या नावाने ओळखले जाणारे, अधिक लोकांच्या मोजमापांवर बेतलेले समीकरण आले. अशी समीकरणे एखाद्या गटाची सरासरी चांगली सांगतात. एका विशिष्ट व्यक्तीच्या बाबतीत मात्र ती बरोबर ठरतीलच असे नाही, कारण सारखेच वय, वजन आणि उंची असलेल्या दोन माणसांचे स्नायूंचे प्रमाण, आनुवंशिकता आणि संप्रेरकांचे काम वेगळे असू शकते. ट्रॅकर सुरू करताना जी वैयक्तिक माहिती भरावी लागते ती याच जातीच्या समीकरणांसाठी.

येथे एक गोष्ट सहसा नजरेआड होते. बैठे जीवन जगणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या ऊर्जाव्ययातील सुमारे ६० ते ७० टक्के भाग विश्रांतीतील चयापचयाचा असतो. म्हणजे घड्याळाने हालचालीचा अंदाज कितीही चुकवला, तरी दिवसाची एकूण बेरीज फारशी हास्यास्पद दिसत नाही, कारण तिचा मोठा भाग केवळ वय-वजनावरून आलेला असतो. त्यासाठी संवेदकाची गरजच नसते. एखाद्या उपकरणाचा दिवसाचा आकडा वास्तवाच्या जवळ आला, एवढ्यावरून त्याने व्यायामाच्या तासाचा हिशेब बरोबर केला असे सिद्ध होत नाही.

व्यायामाच्या हिशेबासाठी आणखी एक सोयीचे एकक रूढ झाले, ते मेट. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऑक्सिजनचा वापर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे ३.५ मिलिलिटर धरायचा, आणि कोणतीही हालचाल त्याच्या किती पट आहे ते सांगायचे. बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये शेकडो हालचालींची अशी सूची प्रसिद्ध केली आणि ती पुढे अनेकदा अद्ययावत झाली. ही सूची एकेका व्यक्तीचा नेमका ऊर्जाव्यय काढण्यासाठी नाही, असा इशारा खुद्द तिच्या कर्त्यांनी दिलेला आहे, पण सोय हाताशी असली की इशारे मागे पडतात. पायाभूत ३.५ हा आकडाही डळमळीत निघाला : २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेसातशेहून अधिक प्रौढांच्या मोजमापांत विश्रांतीतील सरासरी वापर २.६ मिलिलिटरच आढळला.

संवेदकांची परंपरा याला समांतर चालू होती. जपानमध्ये १९६५ च्या सुमारास आलेला ‘मानपो-केई’ हा पावले मोजणारा यंत्रपट्टा केवळ पावलेच मोजत असे. हालचालीच्या तीव्रतेवरून कॅलरी काढण्याची कल्पना १९८० च्या दशकाच्या आरंभी विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी पुढे नेली. त्यांचे कमरेला लावायचे उपकरण, ज्यातून बाजारातला ‘कॅलट्रॅक’ आला, शरीराच्या वरखाली हलण्याचे त्वरण नोंदवत असे आणि त्याला वय-वजनाची जोड देऊन किलोकॅलरी दाखवत असे. सपाट रस्त्यावरच्या चालण्यात ते बरे चाले. सायकल, चढाव, डोक्यावरचे ओझे यांपुढे मात्र ते हतबल होते, कारण या कामांत श्रम वाढतात पण कंबर त्या प्रमाणात हलत नाही. पॅटी फ्रीडसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दिलेली, संशोधनात अतिशय वापरली गेलेली समीकरणेही ट्रेडमिलवरच्या चालण्या-धावण्यावरच बेतलेली होती. त्वरणमापक पुढे तिन्ही दिशांची हालचाल टिपू लागले, स्वस्त झाले, मनगटावर आले. हालचाल आणि श्रम यांतील अंतर मात्र तसेच राहिले. मनगटावर तर ते वाढले, कारण हात नुसता हलवणे आणि अंग राबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे अंतर हृदयाचे ठोके भरून काढतील, अशी अपेक्षा होती. मध्यम ते जोरदार श्रमात ठोके आणि ऑक्सिजनचा वापर जवळजवळ एका सरळ रेषेत वाढतात. फिनलंडमधील केंपेले येथे १९७७ मध्ये स्थापन झालेल्या पोलर कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनतारी ठोकेमापक बाजारात आणला आणि खेळाडूंना ही रेषा वापरता येऊ लागली. पण ही रेषा प्रत्येकाची निराळी असते. तंदुरुस्त माणसाचे हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलते, म्हणून तेवढ्याच श्रमात त्याचे ठोके कमी पडतात. उकाडा, शरीरातील पाण्याची कमतरता, कॅफिन, भीती आणि काही औषधे ठोके बदलतात, पण ऑक्सिजनचा वापर त्या प्रमाणात बदलत नाही. हलक्या हालचालीत तर हा संबंध फारच सैल होतो, आणि बहुतेकांचा बहुतेक दिवस हलक्या हालचालीतच जातो.

मुक्तपणे वावरणाऱ्या माणसाचा ऊर्जाव्यय खरोखर किती, हे ठरवणारी कसोटी दरम्यान वेगळ्याच दिशेने आली. मिनेसोटा विद्यापीठातील नेथन लिफ्सन आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये उंदरांवर वापरलेल्या पद्धतीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोहोंचे जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे अधिक वजनाचे अणू) असलेले ‘जड पाणी’ दिले जाते. जड हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटेच जातो, तर जड ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन्ही वाटांनी. दोघांच्या घटण्याच्या वेगातील फरकावरून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आणि त्यावरून ऊर्जा कळते. जड ऑक्सिजन महाग असल्याने माणसांवर या पद्धतीचा वापर १९८२ पर्यंत लांबला. ती एक-दोन आठवड्यांची एकूण बेरीज उत्तम सांगते, पण मंगळवारी संध्याकाळी पळताना किती कॅलरी गेल्या हे तिला सांगता येत नाही. आणि ट्रॅकर वापरणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

ग्राहकांसाठीच्या उपकरणांची लाट २००९ मध्ये कपड्याला अडकवायच्या पहिल्या फिटबिटपासून जोर धरू लागली, आणि २०१५ च्या सुमारास प्रकाशाच्या साहाय्याने मनगटावर ठोके मोजणारी घड्याळे सर्वत्र दिसू लागली. तपासण्याही पाठोपाठ आल्या. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या २०१४ मधील चाचणीत आठ उपकरणांची सरासरी चूक ९.३ ते २३.५ टक्के निघाली. जपानमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ जणांवर १२ उपकरणे बंदिस्त कक्षात आणि जड पाण्याच्या पद्धतीने अशी दोन्ही प्रकारे पडताळली गेली, आणि नेहमीच्या जगण्यात त्यांचा कल खर्च कमी दाखवण्याकडे आढळला. सर्वाधिक गाजला तो स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१७ मधील अभ्यास. ६० स्वयंसेवक आणि सात उपकरणे घेऊन केलेल्या या चाचणीत सातपैकी सहा उपकरणांची ठोक्यांमधली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. ऊर्जेच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या उपकरणाची चूक २७ टक्के आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के होती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील हा सर्वांत बोलका पुरावा आहे. संवेदक उत्तम झाला, तरी अंदाज सुधारला नाही. दोष मोजण्यात नव्हता, मोजलेल्यावरून ऊर्जेकडे उडी मारणाऱ्या समीकरणात होता. ती समीकरणे कंपन्या सहसा उघड करत नाहीत, आणि सॉफ्टवेअरच्या एखाद्या अद्ययावतीकरणात ती निमूट बदलूही शकतात. म्हणून एखाद्या जुन्या चाचणीचा आकडा आजच्या घड्याळाला जसाच्या तसा लावणेही योग्य नाही. तरीही, १५८ अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २०२० मधील एका परीक्षणाला ऊर्जेच्या बाबतीत एकही कंपनी अचूक म्हणण्याजोगी आढळली नाही.

आयोवातील चाचणीत सर्वांत कमी चूक करणारे उपकरण घड्याळ नव्हते, हेही नोंदवण्यासारखे आहे. तो पिट्सबर्गच्या बॉडीमीडिया कंपनीचा दंडावर बांधायचा पट्टा होता, आणि त्यात त्वरणमापकाबरोबर त्वचेचे तापमान, त्वचेची विद्युतवाहकता आणि शरीरातून बाहेर जाणारी उष्णता नोंदवणारे संवेदक होते. एका परीने तो ॲटवॉटरच्या पेटीचा दूरचा वंशज. ही कंपनी २०१३ मध्ये विकली गेली आणि काही वर्षांतच पट्टा बाजारातून नाहीसा झाला. त्याच पट्ट्याचा वापर करून पिट्सबर्ग विद्यापीठाने केलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या चाचणीत पट्टा वापरणाऱ्या गटाचे वजन सरासरी ३.५ किलो घटले, तर पट्ट्याविना नेहमीचे मार्गदर्शन घेणाऱ्या गटाचे ५.९ किलो. पट्ट्यामुळेच घट कमी झाली का, आणि झाली असल्यास ती कोणत्या मार्गाने, हे या चाचणीतून स्पष्ट होत नाही.

आकडा वाचतानाचा एक घोळ मात्र स्पष्ट आहे. काही उपकरणे व्यायामाच्या वेळेतील एकूण खर्च दाखवतात, काही त्यातून विश्रांतीचा वाटा वजा करून फक्त जादा खर्च दाखवतात. तासभर चालण्याच्या एकूण आकड्यात, नुसते बसून राहिले असते तरी खर्च झाल्याच असत्या अशा साठ-सत्तर किलोकॅलरी दडलेल्या असतात. तो आकडा दिवसाच्या मूळ खर्चात मिळवून तेवढे अधिक खाल्ले, तर त्या दोनदा मोजल्या जातात.

सुधारणेचा एक मार्ग स्टॅनफर्डमधीलच दुसऱ्या गटाने २०२१ मध्ये दाखवला. त्यांनी संवेदक मनगटाऐवजी मांडी आणि पोटरीवर लावले. श्रम पायांचे स्नायू करतात, तर मोजमापही तेथेच व्हावे, हा त्यामागचा साधा विचार. त्यांच्या उपकरणाची चूक १३ टक्के होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या घड्याळाची ४२ टक्के. त्याच वर्षी, सुमारे १,७५० प्रौढांच्या जड पाण्याच्या नोंदींवर आधारित आणखी एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. हालचालीत जादा खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सरासरी २८ टक्के शरीर मूलभूत खर्चात काटकसर करून वाचवते, असे त्याचे म्हणणे आहे, आणि चरबीचे प्रमाण जास्त असलेल्या व्यक्तींत ही भरपाई आणखी मोठी दिसली. हे खरे असेल, तर एका तासाच्या व्यायामाचा अगदी बिनचूक आकडाही दिवसाच्या एकूण खर्चात पूर्ण मिळवता येणार नाही, आणि विश्रांतीचा खर्च स्थिर धरून त्यावर व्यायामाचा खर्च चढवण्याची, १९१९ पासून चालत आलेली बेरजेची रीतच नव्याने मांडावी लागेल.