छद्मयुद्ध : ग्वाल्हेर–गोहद प्रकरण

छद्मयुद्ध : दोन मोठ्या सत्तांनी एकमेकींवर थेट चालून न जाता स्थानिक पक्षांना पैसा, शस्त्रे व फौज पुरवून त्यांच्याकरवी लढवलेले युद्ध. शीतयुद्धात अंगोलामध्ये एमपीएलए या संघटनेच्या पाठीशी सोव्हिएत संघ व क्यूबा होते, तर तिच्या विरोधातील युनिटाच्या पाठीशी अमेरिका व दक्षिण आफ्रिका. पद्धत मात्र जुनी आहे. तिचा व्यवहार कलमाकलमाने तपासायचा तर ग्वाल्हेरइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१७७७ मध्ये सेंट ल्यूबिन हा फ्रेंच वकील पुण्यास आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापायी इंग्लंड-फ्रान्स युद्ध जुंपले आणि पुणे दरबार फ्रेंचांना मिळेल ही कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया कंपनी सरकारची धास्ती वाढली. वडगावला मराठ्यांकडून इंग्रजांचा पराभव झाल्यानंतर महादजी शिंद्यांना उत्तरेत गुंतवण्यासाठी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने ग्वाल्हेरजवळच्या गोहदचा जाट राणा छत्रसिंह हाताशी धरला. डिसेंबर १७७९ च्या करारानुसार राण्याने मदतीला आलेल्या दर पलटणीमागे दरमहा २०,००० रुपये द्यायचे होते. जिंकलेल्या मुलखात कंपनीचे नऊ आणे, राण्याचे सात. खरी मेख पुढच्या कलमात होती : मराठ्यांशी तह झाल्यास राण्याला त्यात सामील करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यासह त्याच्या मुलखाची हमी द्यायची. किल्ल्यावरचा हा दावा पोकळ नव्हता. गोहदचाच आधीचा राणा भीमसिंह याची स्मारक-छत्री आजही तेथे उभी आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी वाचकाला शिंद्यांची बाजू घरातूनच ठाऊक असते, त्याने ही छत्रीही पाहावी.

३ ऑगस्ट १७८० च्या रात्री कंपनीच्या कॅप्टन पॉपमची फौज राण्याच्या हेरांनी दाखवलेल्या वाटेने चढली. आधी १६ फुटी कडा, मग सुमारे ४० यार्डांचा तीव्र चढ, त्यावर ३० फुटी तट. लाकडी व दोरीच्या शिड्या आणि पाऊल वाजू नये, घसरू नये म्हणून कापूस भरलेले लोकरी जोडे एवढ्या तयारीवर अजिंक्य मानला गेलेला किल्ला पडला आणि राण्याच्या स्वाधीन झाला.

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई येथे तह झाला. पोर्तुगीजांच्या जुन्या वखारी सोडून अन्य युरोपीय राष्ट्राला पेशव्यांनी वखार घालू द्यायची नाही, हे त्यातले कलम म्हणजे कंपनीचा मूळ हेतू. तो साधल्यावर राण्याची गरज उरली नाही. त्याच्यावर करारभंगाचा ठपका ठेवून कंपनीने हात काढून घेतला. महादजींनी १७८३ मध्ये ग्वाल्हेर, १७८४ मध्ये गोहद घेतले.

पुढच्या पिढीत तेच घडले. १८०४ मध्ये कंपनीने छत्रसिंहाचा मुलगा कीरतसिंह याला गोहद दिले. नोव्हेंबर १८०५ च्या तहात गोहद आणि ग्वाल्हेर दोन्ही दौलतराव शिंद्यांना परत केले. कीरतसिंहाला बदल्यात धौलपूर, बाडी व राजाखेडा मिळाले.